महाकाव्याचा खरा नायक कसा ठरवावा

पहिल्याच वाचनात 'मला कोण आवडलं' यावरून नायक ठरवू नका. होमरच्या 'इलियड'मध्ये, म्हणजे ग्रीक आणि ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात, बहुतेकांना ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर जवळचा वाटतो आणि ते अगदी स्वाभाविक आहे. सहाव्या सर्गात तो बायकोचा निरोप घेतो, शिरस्त्राणाला घाबरून रडणाऱ्या बाळाला उचलून घेतो. तिथे कोणाचंही मन हलेल. शेवटही त्याच्याच अंत्यविधीवर होतो. पण काव्याच्या पहिल्या ओळीतच विषय सांगितला आहे: ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस, त्याचा क्रोध.

अकिलीस पहिल्या सर्गात युद्ध सोडतो आणि प्रत्यक्ष लढायला उतरतो तो थेट विसाव्यात. मधल्या काळात ग्रीकांची जी दाणादाण उडते, ती त्याच्या नसण्यामुळे. म्हणून कोण किती पानं व्यापतो हे मोजू नका. कोणाच्या निर्णयाने कथा वळते ते बघा. आणि कोण बदलतं, तेही. चोविसाव्या सर्गात अकिलीस हेक्टरच्या बापासोबत, राजा प्रायमसोबत, रडतो आणि स्वतः मारलेल्या हेक्टरचं शव परत देतो. माझ्या मते अकिलीसची बाजू इथे पक्की होते.

इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये, म्हणजे सैतान आणि पहिलं मानवी जोडपं ॲडम-ईव्ह यांच्यावरच्या महाकाव्यात, मात्र जपून. सुरुवातीच्या दोन सर्गांत सैतानाची भाषणं भारून टाकतात आणि ड्रायडन, ब्लेकसारखे कवीही त्याच्याकडे ओढले गेले. तरी दहाव्या सर्गापर्यंत थांबा. तिथे तो विजयाची बढाई मारतो आणि उत्तरादाखल त्याला फक्त फुत्कार ऐकू येतात. त्यानंतरचे सर्ग ॲडम आणि ईव्हचे आहेत, तेव्हा मत बनवण्याआधी तेही सावकाश वाचा.