तेलतूप बेताचं, तरी फॅटी लिव्हर?

प्रश्न: मामांना हिपॅटायटिस सी निघालाय, सोनोग्राफीत फॅटी लिव्हरही आलं. दारूला ते शिवत नाहीत, खाणंही साधं, मग ही चरबी आली कुठून?

उत्तर: वजन, शुगर बघायलाच हवं, पण या आजारात चरबी खुद्द व्हायरसही साठवून ठेवतो. लिव्हरच्या पेशीत चरबीचे बारीक थेंब असतातच, या व्हायरसचं कोअर प्रोटीन (त्याच्या आतल्या कवचाचं प्रोटीन) त्या थेंबांवर जाऊन बसतं आणि तिथेच शेजारी नवीन व्हायरस जुळवले जातात, वर पेशी रक्तात चरबी पाठवते ना, त्याच पार्सलात बसून हे महाशय बाहेर पडतात, त्यामुळे अँटीबॉडीजना ते पटकन सापडत नाहीत. आहे की नाही बिलंदर! हे चरबी साठणं सगळ्यात जास्त दिसतं जीनोटाइप ३ मध्ये, म्हणजे या व्हायरसच्या तिसऱ्या जनुकीय प्रकारात, आणि भारतात तोच जास्त आढळतो. यात रक्तातलं कोलेस्टेरॉल उलट कमी येतं, म्हणून रिपोर्ट बघून खूश होऊ नका. सोफोसबुविर-वेल्पाटासविर या व्हायरसवरच्या गोळ्यांचा कोर्स साधारण १२ आठवड्यांचा, व्हायरस गेला की जीनोटाइप ३ वाल्यांची चरबी बऱ्याचदा उतरते, कोलेस्टेरॉल मात्र वर जाऊ शकतं, तेव्हा लिपिड प्रोफाइल परत करून घ्या.