तिकडचं पाणी गोड असन काय?

प्रश्न : सिस्टरबाई, सलाम. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आमचं गाव. पाच एकर वावर, कपाशी नि तूर. वय ६१. चर्चच्या मंडळीत वीस वर्षं वडील (कारभार पाहणारा) म्हणून सेवा केली. कोणाचं मयत झालं की स्वर्गाचं भजन मीच सुरू करायचो.

मागच्या पौषात बायको गेली. किडनीचं दुखणं. दोन वर्षं डायलिसिससाठी अमरावतीच्या खेपा केल्या. शेवटच्या आठवड्यात एका रात्री तिनं विचारलं, “तिकडचं पाणी गोड असन काय हो?” आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून प्यायचं पाणी तिनं दुरून डोक्यावर आणलं. मला ‘हो’ म्हणता आलं नाही. “झोप आता,” म्हणालो. चौथ्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून रात्री डोळा लागत नाही. स्वर्ग खरंच आहे, की आपण एकमेकांना सांगत आलो? मरणाचं भेव वाटते, आणि त्याच तोंडानं ‘देवा, आता मलेही ने’ असंही निघते. अशा शंकेखोराला ती भेटेल काय? पाळकसाहेबांना विचारायची लाज वाटते.
— पूर्णाकाठचा एक वाचक

उत्तर : भाऊ, सलाम. पत्र वाचलं आणि माझ्यातली नर्स आधी जागी झाली. तुम्ही लिहिलं नाही, पण डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. किडनी काम करत नाही, प्यालेलं अंगातच साठतं, पाय सुजतात, दम लागतो. म्हणून दिवसाचं पाणी ठरवून देतात. वॉर्डात मी बाया पाहिल्यात, बाटलीच्या झाकणानं घोट घेणाऱ्या, बर्फाचा खडा गालात धरून बसणाऱ्या. वहिनींना तहान लागली होती, भाऊ. जन्मभर प्यायचं पाणी दुरून डोक्यावर आणलं आणि शेवटी तेही मोजून. तुम्हाला वाटतं त्यांनी तुमच्या विश्वासाची परीक्षा घेतली आणि तुम्ही नापास झालात. मला तसं वाटत नाही. ‘तिकडे’ काही आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. ते त्या धरूनच चालल्या होत्या. सोन्याच्या रस्त्याची चौकशी केली नाही, मोत्यांच्या वेशींची नाही. सासरी येणारी पोर जे विचारते तेच विचारलं, पाणी कसं आहे.

बायबलातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याचा २२ वा अध्याय काढा. पहिल्याच वचनात जीवनाच्या पाण्याची नदी आहे, स्फटिकासारखी नितळ. पुढे १७ व्या वचनात तान्हेल्याला बोलावणं आहे : ज्याला पाहिजे त्यानं हे पाणी फुकट घ्यावं. ‘फुकट’ हाच शब्द आहे आपल्या मराठी शास्त्रात. शहरातले पाळक तो घाईनं वाचून पुढे जातात. ज्यानं टँकरवाल्याला पैसे मोजलेत त्यानं तो सावकाश वाचावा.

आता शंकेचं. मयताला आपण योहानाच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय वाचतो, येशूचे शब्द, ‘माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत.’ काही ठिकाणी चौथ्या वचनावर पुस्तक मिटतात. पाचव्यात येशूचा शिष्य थोमा मधेच बोलतो : प्रभूजी, तुम्ही कुठं जाता हेच आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? शेवटच्या भोजनाची रात्र, आणि हा माणूस तोंडावर सांगतो की मला कळलेलं नाही. ‘मीच मार्ग आहे’ हे आपण भिंतीवर लिहून लावतो ना, ते या प्रश्नाचं उत्तर आहे. पुढे येशू उठल्याचं बाकीच्यांनी सांगितलं तेव्हाही थोमा म्हणाला, खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय मानणार नाही. त्यानंतर आठ दिवसांनी तो कुठं होता? त्यांच्यातच, त्याच घरात. येशू आला तोही तिथंच, आणि त्यालाच हात पुढे कर म्हणाला. परंपरा सांगते की हाच थोमा आपल्या देशात आला. चेन्नईत मैलापूरला त्याची कबर दाखवतात. तेव्हा रविवारची जागा सोडू नका आणि पाळकसाहेबांशी बोला. लाज कसली? त्यांनाही रात्री झोप येत नसेल, कोणी सांगावं.

भीतीबद्दल मला एका म्हाताऱ्या बायबलबाईनं शिकवलं. मी नवीन होते, रात्रपाळी होती. खेडोपाडी पायी हिंडून शास्त्र सांगितलेली ती बाई, आणि हात माझा असा घट्ट धरलेला की बांगडी रुतली. मी पुस्तकी बोलले, “आजी, तुम्हाला कसली भीती?” त्यावर म्हणाली, “भेव लागते वं पोरी. ज्याच्याकडे चालली त्याचं नाही लागत, वाटेचं लागते.” पहाटेपर्यंत हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. त्या रात्रीचे चार्ट अर्धे राहिले आणि सकाळी मेट्रनची बोलणी खाल्ली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारते. ‘मलेही ने’ म्हणजे नेमकं काय? तिला भेटायची ओढ असेल तर ती येशूचा प्रेषित पौल यालाही होती. फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्र लिहिताना तो कैदेत होता. सुटून ख्रिस्ताजवळ जावं असं वाटतं, पण तुमच्यासाठी इथं राहणं जास्त गरजेचं आहे, असं त्यानं लिहिलं. ओढही ठेवली आणि राहिलाही. पण जीव संपवावा असा विचार येत असेल, तर तो माझ्या पुढच्या अंकाची वाट पाहणार नाही. घरातलं फवारणीचं औषध आजच शेजाऱ्याच्या घरी ठेवा. मुलाला नाहीतर पाळकांना आजच सांगा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि इतके महिने झोप नसेल तर डॉक्टरलाही दाखवा. झोपेची गोळी घेतल्यानं कोणाचा विश्वास कमी झालेला मी पाहिला नाही.

राहिलं ते ‘झोप आता’. पौषातली थंडी, रात्रीची वेळ. गोधडी नीट करत म्हणाला असाल. दोन वर्षं खेपा करणाऱ्या माणसाच्या तोंडून ते शब्द कसे ऐकू येतात हे बाईला कळतं. तरी उत्तर द्यायचं राहिलं असं वाटत असेल, तर आज रात्री त्यांच्या बाजेशी बसून तो २२ वा अध्याय मोठ्यानं वाचा. ‘हो’ म्हणवत नसेल तर म्हणू नका. ‘तो हो म्हणतो’ एवढं म्हणा.

आणि पुढच्या मयताला भजन तुम्हीच सुरू करा. सूर खालचा धरा. दुसऱ्या कडव्यात आवाज अडकला तर बाकीचे ओढून नेतील. वीस वर्षं ऐकून त्यांनाही पाठ झालंय.