साडेआठचा धपाटा

प्रश्न : नमस्कार ताई. मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टला. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. दिवसभर सासूबाई सांभाळतात. मी साडेसातला घरी पोचते, मग होमवर्क, त्याचं जेवण (एक पोळी खायला दीड तास!), उद्याचं दप्तर. गेल्या मंगळवारी त्याने वहीवर मुद्दाम रेघोट्या मारल्या आणि मी पाठीत असा धपाटा घातला की पाच बोटं उमटली. आधीही दोनदा असंच झालंय, एकदा जेवताना, एकदा झोपत नव्हता म्हणून. तो झोपला की मी रडते. मिस्टर म्हणतात, मी बाबांच्या पट्ट्याचा मार खाल्लाय, माझं काय बिघडलं? नणंद म्हणते मुलांना बोटसुद्धा लावायचं नाही, परदेशात पोलीस येतात. सासूबाई म्हणतात मार नाही तर धाक कसा राहणार. कोणाचं ऐकू?

उत्तर : अगं, तिघांचं बाजूला ठेव आणि आधी स्वतःचंच पत्र परत वाच. तीन वेळा मारलंस, तिन्ही वेळा रात्री आठ ते दहाच्या मधे. रविवारी सकाळी त्याने दूध सांडलं तर मारतेस का? मला खात्री आहे, फडकं टाकून पुसून घेतेस आणि वर "असू दे रे" म्हणतेस. म्हणजे मुलाचा गुन्हा तोच, फक्त मंगळवारी रात्री त्याचा दर वाढतो, कारण तू लोकलमधून उभ्याने आलेली असतेस, पोटात दुपारच्या डब्यानंतर काही नसतं, आणि कुकर अजून लावायचाय. त्याला यातून वही नीट ठेवावी हे कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की आई दारात चप्पल काढते तेव्हा तिचा चेहरा बघून घ्यायचा.

मी हे वरून उपदेश म्हणून सांगत नाहीये गं, माझी मुलगी तिसरीत असताना सातच्या पाढ्यासाठी मी तिला हिरव्या प्लास्टिकच्या पट्टीने मारलंय, एकदा नाही, बरेचदा, आणि ती पाढ्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघायची आणि तोंडाला येईल तो आकडा बोलायची, पंचेचाळीस, त्रेसष्ट, काहीही. आज तिला सात आठे छप्पन्न चोख येतं, तुझे मिस्टर म्हणतील बघा मार लागू पडला! पण ते तिला शिकवलं माझ्या आईने, मटार सोलता सोलता, सात सात दाण्यांचे ढीग करून.

आता मिस्टरांचं "माझं काय बिघडलं". हा प्रश्न संशोधकांनीही नीट विचारलाय. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोघांनी २०१६ साली कित्येक दशकांचे अभ्यास एकत्र करून तपासले, मिळून साधारण १ लाख ६० हजार मुलं, आणि त्यात पट्टा, काठी असली मारहाण बाजूला काढून फक्त साध्या चापटीचा विचार केला. तरी निघालं काय, तर मार खाणाऱ्या मुलांमधे आक्रमकपणा जास्त, मनाचे त्रास जास्त, आईबाबांशी नातं कच्चं. वागणं सुधारल्याची खूण काही सापडली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मधे स्पष्टच सांगितलं, मारू नका, आणि ओरडून लाज काढू नका हेही. (हे दुसरं आपल्याला जास्त जड जातं.)

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मिस्टर शोधून काढतील. रॉबर्ट लार्झेलेर नावाचे संशोधक म्हणतात की अवखळ मुलंच मुळात जास्त मार खातात, मग मारामुळे ती बिघडली की बिघडलेली म्हणून मार मिळाला, हे ठरवणार कसं? मुद्दा खरा आहे, सगळे अभ्यास हे कोडं पुरतं सोडवू शकलेले नाहीत. डायना बॉमरिंड यांचंही मत होतं की एरवी मायेच्या घरात कधीतरी दिलेल्या हलक्या चापटीने कायमचं नुकसान होतं हे सिद्ध झालेलं नाही. पण लार्झेलेर ज्या चापटीची बाजू घेतात ती कुठली ते बघ. दोन ते सहा वर्षांचं मूल, आधीचे सगळे उपाय करून झालेले, उघड्या तळव्याने हलकी, आणि मारणारा रागात नसलेला. आता मला सांग, राग नसताना मुलाला मारणारी आई तू बघितलीयेस? मी तरी नाही, आणि कधी भेटलीच तर मला तिचीच जास्त भीती वाटेल. त्यात तुझा मुलगा साडेसहाचा, म्हणजे या यादीतून तसाही बाहेर.

नणंदेच्या पोलिसांचं थोडक्यात. स्वीडनने १९७९ मधे घरातल्या मारावर सगळ्यात आधी बंदी आणली, पण त्या कायद्यात आईबापांना वेगळी शिक्षा ठेवलेली नव्हती. त्यांनी केलं काय, तर ती माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली, सकाळी नाश्त्याला सगळ्या घराने वाचावी म्हणून. (आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर छापली तर कात्रीने कापली जाईल, पण कल्पना बरी आहे.) शेजारच्या नेपाळनेही २०१८ मधे बंदी आणली. आपल्याकडे शाळेत मारायला मनाई आहे, घरासाठी तसा वेगळा कायदा नाही. उलट बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला सूट देणारं एक कलम आहे, पूर्वी दंडविधानाचं ८९, आता न्याय संहितेचं २८. त्याला मर्यादा आहेत, पट्ट्याने वळ उठवणं त्यात बसेल असं कोणी समजू नये.

मग करायचं काय? साडेसातला आलीस की पहिली वीस मिनिटं वहीला हात लावू नको, चहा घे, दोन बिस्किटं खा, त्याला शेजारी बसव. होमवर्क सासूबाईंकडे पाच वाजता जाऊ दे, त्यांना अक्षर जमत नसेल तर नुसतं समोर बसून पूर्ण करून घेऊ दे, वाकडंतिकडं झालं तरी चालेल, पहिलीच आहे, यूपीएससी नाही. ताट अर्ध्या तासाने उचल, शांतपणे, भाषण न देता, एक रात्र कमी खाल्लं तर काही होत नाही. आणि हात उगारला गेलाच तर तू तिथून ऊठ. पुस्तकं सांगतात मुलाला दुसऱ्या खोलीत टाइम-आउट द्या, वन आरकेमधे दुसरी खोली कुठली, मोरीत बसवायचं का? तूच जा मोरीत, तोंडावर पाणी मार. मिस्टर तोवर काय करत असतात ते पत्रात नाहीये, दप्तर भरायला त्यांना सांग.

मंगळवारच्या धपाट्याबद्दल त्याला सॉरी म्हण. रेघोट्या खोडायला लाव, पण सॉरी म्हण.

प्रश्न : गिरगावच्या चाळीत वाढलो, वय ७४. आमच्या वेळी अख्ख्या गॅलरीला कान पिळायचा अधिकार होता आणि त्यातूनच इंजिनियर, बँक मॅनेजर झाले. आज नातवाला नुसतं "ए" म्हटलं तर सूनबाई डोळे वटारते. लाडाने मुलं डोक्यावर बसली नाहीत का?

उत्तर : काका, बसलीत काही, नाही कशाला म्हणू. चारचौघांत मूल मोबाईलसाठी लोळण घेतं आणि आईबाप मुकाट काढून देतात, हे मीही बघते. पण न मारणं आणि नाही न म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्यांची सरमिसळ करतो. आणि तुमच्या इंजिनियरांबरोबर, माराच्या धास्तीने शाळा सोडून गेलेलं कोणी होतं का, तेही आठवून बघा, त्यांना गेट-टुगेदरला कोणी बोलवत नाही. शिवाय चाळीत एका दारात मार पडला तर शेजारच्या दारात लाडू मिळायचा, कोणीतरी काकू "कशाला मारतेस गं" म्हणत मधे पडायची. आता सोळाव्या मजल्यावर दार बंद असतं आणि मधे पडायला कोणी नसतं. मग ती काकू तुम्ही व्हा ना! सूनबाईला मात्र नातवासमोर काही बोलू नका.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. ट्यूशनच्या टीचर डस्टरने हातावर मारतात. विचारलं तर म्हणतात, पालकांनीच परवानगी दिलीये. मी तर दिली नव्हती.

उत्तर : दिली असती तरी चालली नसती. शाळांसाठी शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्यात अंगावरचा मार आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. ट्यूशन ही शाळा नाही, पण मूल ज्याच्या देखरेखीखाली आहे त्याने मारहाण करून त्याला विनाकारण त्रास दिला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर फुकट आहे. टीचरशी बोलायच्या आधी मुलीला सांगा की तिने सांगितलं ते बरं केलं, नाहीतर आपल्यामुळे भांडण झालं असं तिला वाटेल आणि पुढच्या वेळी ती गप्प बसेल. क्लास आजच बंद करा, फी परत मिळो न मिळो.