ड्रॅगन सातव्या भागातला आहे

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची आहे. रोज रात्री तिचे बाबा तिला हॅरी पॉटर वाचून दाखवतात. तीन भाग झाले, चौथा परवाच उघडला. सिनेमे आम्ही मुद्दाम दाखवलेले नाहीत. पुढच्या महिन्यात ओरलँडोला जायचंय आणि तिथलं हॅरी पॉटरचं थीम पार्क तिला दाखवायचंय. तिच्या मनातलं हॉगवर्ट्स, गोष्टीतल्या जादूच्या शाळेचं चित्र, ते पाहून पुसलं तर जाणार नाही ना? तिची उंची ११९ सेंटिमीटर आहे, तेवढी पुरेल का? — एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली पहिली शंका मी दोनदा वाचली. शाळेच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला. नातीला घेऊन ओरलँडोला गेले तेव्हा हीच काळजी मलाही होती.

तिथलं गाव उभं राहिलंय ते सिनेमांवरून. सिनेमांच्या दृश्यरचना ज्यांनी केल्या त्या स्टुअर्ट क्रेग यांनीच पार्कच्या आराखड्यावरही काम केलं. तेव्हा लेकीला आधीच सांगा, की हे दुसऱ्या एका माणसानं वाचलेलं हॉगवर्ट्स आहे, तुझं तुझ्यापाशीच राहणार आहे. माझी नात हॉगवर्ट्सच्या किल्ल्यासमोर बराच वेळ मान वर करून उभी होती. मग म्हणाली, "माझा याच्याहून उंच आहे." किल्ल्याचा वरचा भाग मुद्दाम लहान मापात बांधलाय, म्हणजे खालून तो आहे त्याहून उंच भासतो. एवढं करूनही तिच्या मनातला किल्ला वरचढच ठरला. मुलांच्या मनावर आपण विश्वास ठेवावा.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही ती विचारली नाहीत, तरी सांगते. ज्या चार भागांची गोष्ट तिला अजून ऐकायचीय, ती तिथे उघड्यावर मांडलेली आहे. आणि उंचीचं गणित नेमकं उलटं बसतंय. किल्ल्यातली 'फॉरबिडन जर्नी' आणि शाळेचा धिप्पाड रखवालदार हॅग्रिड याच्या मोटरसायकलची राइड, दोन्हींना १२२ सेंटिमीटर लागतात. तिला तीन कमी पडतात. हॅग्रिडच्या राइडमध्ये तीन डोक्यांचा कुत्रा फ्लफी आहे, चिमुकल्या खोडकर पिक्सी आहेत, म्हणजे तिची ओळखीची मंडळी, पण तिथे तिला बसता येणार नाही. जादूगारांच्या ग्रिंगॉट्स बँकेच्या राइडला मात्र १०७ सेंटिमीटर पुरतात आणि तिची गोष्ट थेट सातव्या भागातली! खलनायक व्होल्डेमॉर्ट समोर येतो, त्याची साथीदार बेलाट्रिक्स येते. मी असते तर ती राइड या खेपेला सोडली असती. बँकेचा दिवाणखाना आणि मान खाली घालून हिशेब लिहिणारे गॉब्लिन रांगेतच दिसतात, ते पाहून परत फिरता येतं.

बँकेच्या छतावरचा ड्रॅगन मात्र लपवता येणार नाही. थोड्या थोड्या वेळानं तो तोंडातून खरीखुरी आग सोडतो आणि सगळी गल्ली माना वर करते. तिला आठवण करून द्या, की बँकेतल्या तिजोऱ्यांवर ड्रॅगनचा पहारा असतो म्हणतात, असं हॅग्रिडनं पहिल्या भागातच सांगितलंय. तो छतावर कसा आला, हे तिच्या बाबांच्या तोंडून ऐकायचं राहू दे.

तिच्यासाठी खरी राइड आहे हिप्पोग्रिफची, म्हणजे अर्ध्या गरुडाची, अर्ध्या घोड्याची. ९१ सेंटिमीटर पुरतात, छोटा रोलरकोस्टर आहे, हॅग्रिडच्या झोपडीजवळून जातो आणि बकबीक नावाचा हिप्पोग्रिफ तिथे बसलेला दिसतो. तिसरा भाग नुकताच संपलाय ना? बकबीकला पाहिल्यावर मान लववायची असते, हे तिला सांगावंही लागणार नाही. किल्ल्यात राइडला न बसता रांगेतून आत नक्की जा. बोलणारी चित्रं आणि मुख्याध्यापक डंबलडोरची खोली सगळी रांगेतच आहे. राइडच्या दाराशी एका पालकानं मुलीजवळ थांबायचं, दुसऱ्यानं बसून यायचं आणि मग अदलाबदल करायची, अशी सोय असते.

तिकिटाकडे नीट लक्ष द्या. हॉग्समीड गाव २०१० साली एका पार्कात उघडलं, डायगन अ‍ॅली, म्हणजे ग्रिंगॉट्स बँक असलेली दुकानांची गल्ली, २०१४ साली शेजारच्या पार्कात. दोन्हींना जोडते हॉगवर्ट्स एक्सप्रेस ही आगगाडी, आणि तिच्यात बसायला दोन्ही पार्कांत जाता येईल असंच तिकीट लागतं. इथे काटकसर करू नका. तिच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश फलाटाची भिंत आहे, गोष्टीत मुलं जिच्यातून आरपार जातात ती. काचेच्या प्रतिबिंबाची जुनी नाटकी युक्ती वापरलीय, त्यामुळे माणूस विटांत शिरून नाहीसा झालेला दिसतो, पण तो फक्त मागे उभं असलेल्यांना. जाणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून आधी बाबांना जाऊ द्या, तुम्ही दोघी मागे थांबून बघा. गाडी हॉग्समीडकडे जाताना डब्याच्या धुरकट काचेवर डिमेंटरची, म्हणजे माणसाचा आनंद शोषून घेणाऱ्या प्राण्याची, सावली येते. तिसरा भाग ऐकलेल्या मुलीला ती ओळखू येईल, थोडी भीतीही वाटेल. हात धरून बसा.

२०२५ साली तिथून काही अंतरावर तिसरं पार्क उघडलंय, त्याचं तिकीट निराळं. तिथली जादू मंत्रालयाची राइड सातव्या भागानंतरची आहे. ते आत्ता नको.

प्रश्न : माझं वय ६४. प्रवासात मला गरगरतं. नातवंडांबरोबर 'फॉरबिडन जर्नी'त बसू का? — एक आजोबा

उत्तर : नका बसू. मोटारींच्या कारखान्यात असतो तसा यांत्रिक हात तुमचं आसन धरून फिरवतो, मागे कलंडवतो, आणि त्याच वेळी समोर पडद्यावरची दृश्यं वेगानं सरकत असतात. डोळे एक सांगतात, शरीर दुसरंच. नातवंडं येईपर्यंत हॉग्समीडमध्ये सावली शोधून बटरबिअर प्या. नावात बिअर असली तरी त्यात दारूचा थेंब नाही. फ्लोरिडाच्या उन्हात बारा महिने बर्फ असलेली छपरं बघत बसण्यातही मजा आहे.

प्रश्न : आजी, ऑलिव्हँडरच्या दुकानात कांडी खरंच आपली निवड करते का? आणि जादू करणारी कांडी साध्या कांडीपेक्षा वेगळी कशी असते? — इयत्ता सातवीतला वाचक

उत्तर : बाळा, त्या छोट्या खोलीत बरीच मुलं एकदम आत जातात आणि कांडी निवडते त्यातल्या एकालाच. माझ्या नातीचा नंबर लागला नाही. एका बुजऱ्या मुलाचा लागला, आणि त्याच्या डोक्यावर उजेड पडला तेव्हा हीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. ज्याची निवड होते त्यालाही ती कांडी विकतच घ्यावी लागते, हे घरच्यांना आधी सांगून ठेव.

जादू करणाऱ्या कांडीच्या टोकाला प्रकाश परतवणारा मणी असतो. दुकानाच्या खिडकीत अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा लपवलेला असतो, त्याला हा मणी हलताना दिसतो. जमिनीवर पितळी खूण बसवलेली असते, तिच्यावर कांडी कशी फिरवायची ती रेघ काढलेली. नात पहिल्यांदा तलवार चालवावी तशी फिरवत होती, काहीच होईना. मग मनगटातून हळू आणि लहान फिरवली, तेव्हा खिडकीतली वस्तू हलली.

कांडीबरोबर खुणांचा नकाशा मिळतो. तो घेऊन डायगन अ‍ॅलीच्या बाजूच्या अंधाऱ्या नॉकटर्न अ‍ॅलीत जा आणि तिथल्या जांभळ्या दिव्याखाली उघड. उन्हात न दिसलेल्या खुणा तिथे उमटतात.