जैववैद्यकीय कचऱ्याच्या इन्सिनरेटरवर डिझेलऐवजी गॅस बर्नर बसवताना काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या सामाईक केंद्रात दोन चेंबरची भट्टी आहे, डिझेल बर्नर काढून पाइपच्या गॅसवर, म्हणजे पीएनजीवर, चालणारे बर्नर बसवायचे आहेत. ते सुरक्षित कसे बसवावेत, देखभाल कशी ठेवावी, आणि ओळखीच्या एका केंद्रात असेच बर्नर दिवसातून चार वेळा लॉकआउट होतात, म्हणजे कंट्रोलर गॅस तोडून बर्नर थांबवतो आणि हाताने रीसेट करावं लागतं, ते का?

बाजारात मिळणारे बहुतेक तयार बर्नर बॉयलर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. बॉयलरच्या फर्नेसभोवती पाणी असतं आणि आत आग फक्त बर्नरची असते. तुमच्याकडे भोवती लालबुंद विटा आहेत, आणि आत कचऱ्याची स्वतंत्र आग पेटलेली आहे. बहुतेक घोटाळे या फरकातून होतात. म्हणून बर्नर कोणत्या कंपनीचा यापेक्षा ज्योत कशी ओळखली जाते, पेटवण्याआधी भट्टी किती झाडली जाते आणि बंद असताना बर्नरचं तोंड गार कसं राहतं, हे तीन प्रश्न मी विक्रेत्याला आधी विचारेन.

आकाराचा हिशेब सोपा आहे. डिझेलच्या एका लिटरमधून साधारण ८,४०० ते ८,५०० किलोकॅलरी मिळतात, आणि पीएनजीच्या एका घनमीटरमधूनही जवळपास तितक्याच. म्हणजे तासाला ३० लिटर डिझेल खाणाऱ्या बर्नरच्या जागी तासाला ३० घनमीटर गॅस घेणारा, सुमारे ३०० किलोवॉटचा बर्नर लागेल. ‘जरा मोठाच घेऊ’ हा मोह टाळा. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रायमरी चेंबर (जिथे कचरा जळतो) ८०० अधिक-उणे ५० अंश आणि सेकंडरी (जिथे त्याचा धूर पुन्हा जाळला जातो) १०५० अधिक-उणे ५० अंश सेल्सिअसवर राहिला पाहिजे, आणि सेकंडरीत वायू किमान दोन सेकंद थांबला पाहिजे. जास्तीची हवा ही दोन सेकंदं खाऊन टाकते. १०५० अंशाला वायू सामान्य स्थितीच्या ४.८५ पट फुगतो, त्यामुळे तासाला १०० घनमीटर हवा फुकट घातली की आत ती ४८५ घनमीटर होते. तिला दोन सेकंद थांबवायला चेंबरमधली पाव घनमीटरहून अधिक जागा अडते.

आता ज्योत ओळखण्याचं. इथे मी सगळ्यात कडक आहे. डिझेल बर्नरवरचा साधा फोटोसेल गॅसवर अजिबात ठेवायचा नाही. तो डोळ्यांना दिसणारा उजेड बघतो. गॅसची ज्योत निळसर असते, त्यामुळे गार भट्टीत ज्योत असूनही त्याला दिसत नाही, आणि तापलेल्या भट्टीत ज्योत नसूनही विटांच्या लाल उजेडात त्याला ती दिसते. ही दुसरी चूक जीवघेणी आहे, कारण ज्योत विझली तरी गॅसचे व्हॉल्व उघडे राहतात. ‘कंट्रोलर (बर्नर पेटवणारी-थांबवणारी पेटी) तोच ठेवू, फक्त नोझल आणि गॅस ट्रेन (बर्नरआधीची व्हॉल्व आणि स्विचची रांग) बदलू’ असं कोणी सुचवलं तर त्याला परत पाठवा.

पर्याय दोन. आयोनायझेशन रॉड ज्योतीतून जाणारा काही मायक्रोॲम्पिअरचा एकदिश प्रवाह मोजतो, म्हणून त्याला फक्त स्वतःच्या बर्नरची ज्योत कळते. प्रायमरीवर मला हाच आवडतो. यूव्ही सेल, म्हणजे ज्योतीचे अतिनील किरण ओळखणारा, हजार-अकराशे अंशाच्या विटांना फसत नाही, पण कचऱ्याची ज्योत, समोरच्या बर्नरची ज्योत, इतकंच काय इग्निशनची ठिणगीसुद्धा त्याला दिसू शकते. आत कचरा पेटलेला असताना बर्नर पुन्हा सुरू करायला गेलं की कंट्रोलर ‘आधीच ज्योत आहे’ म्हणून लॉकआउट होतो, तो यामुळे. यूव्ही घ्यायचाच असेल तर तो बर्नरच्या नळीतून आपल्याच ज्योतीच्या मुळाकडे रोखलेला हवा. भट्टी चोवीस तास चालत असेल तर स्वतःची तपासणी करणारा सेल हवा, कारण साधी यूव्ही ट्यूब जुनी झाली की ज्योत नसतानाही ‘आहे’ म्हणत राहू शकते. त्याच्यापुढची काच क्वार्ट्झची असते. ती फुटली म्हणून साधी काच बसवली तर अतिनील किरण अडतात आणि सिग्नल शून्यावर येतो.

दुसरी गोष्ट झाडणीची, म्हणजे पर्जची. पेटवण्यापूर्वी चेंबरच्या आकारमानाच्या किमान पाच पट हवा आतून गेली पाहिजे. प्रायमरी ३ घनमीटर, सेकंडरी २.५ आणि धूर धुणाऱ्या स्क्रबरपर्यंतची नळी १.५ धरली तर एकूण ७, आणि पाच पट म्हणजे ३५ घनमीटर. ३०० किलोवॉटच्या बर्नरचा ब्लोअर तासाला ३६० घनमीटरच्या आसपास हवा देतो. एकट्या त्याच्या भरवशावर सहा मिनिटं लागतील. कंट्रोलरमध्ये मात्र बॉयलरच्या हिशेबाने तीस-चाळीस सेकंदच भरलेले असतात. शिवाय सेकंडरीचा ब्लोअर कितीही वेळ फिरला तरी प्रायमरी झाडली जात नाही. म्हणून पर्ज आयडी फॅनवर, म्हणजे भट्टीतला धूर चिमणीकडे खेचणाऱ्या पंख्यावर, बांधा. तासाला ३,००० घनमीटर खेचणारा फॅन हेच काम ४२ सेकंदांत करतो, मी तिथे टायमर ९० सेकंदांवर ठेवेन. फॅन सुरू आहे, डँपर (धुराच्या वाटेतली झडप) उघडा आहे आणि खेच आहे, हे तिन्ही स्विच लागल्याशिवाय टायमर मोजायला लागताच कामा नये. रात्रभर धुमसलेल्या राखेतून सकाळी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेला वायू साठलेला असतो. पहिल्या ठिणगीला दार उडण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

गॅस ट्रेनचा क्रम पुरवठ्याकडून बर्नरकडे असा ठेवा : हाताचा बॉल व्हॉल्व, फिल्टर, जादा दाब आला की बंद पडणाऱ्या शटऑफसह रेग्युलेटर, कमी दाबाचा स्विच, लागोपाठ दोन ऑटोमॅटिक शटऑफ व्हॉल्व, त्यांची गळती तपासणारं युनिट, जास्त दाबाचा स्विच, आणि मग बर्नरचा फुलपाखरी व्हॉल्व. दोन व्हॉल्वच्या जागी एक चालणार नाही. सीटवर धातूचा एक कण अडकला की तो एकटा व्हॉल्व रात्रभर गॅस सोडत राहतो. दाब मोजायचे टॅपिंग फिल्टरच्या आधी, रेग्युलेटरनंतर आणि बर्नरच्या तोंडाशी असू द्या. रेग्युलेटरचा व्हेंट छताबाहेर काढा. नव्या पाइपमधला वेल्डिंगचा मळ ट्रेन जोडण्याआधीच हवेने फुंकून काढा.

गळती-चाचणी करताना ट्रेनचा बॉल व्हॉल्व बंद ठेवून फक्त पाइपलाइन कामाच्या दाबाच्या दीडपट हवेवर अर्धा तास धरा. ट्रेनवर तो दाब जाऊ द्यायचा नाही, कारण बहुतेक व्हॉल्वची सहनशक्ती काहीशे मिलिबारचीच असते. ट्रेनची चाचणी तिच्या कामाच्या दाबावर, यू-ट्यूब मॅनोमीटर आणि साबणाच्या पाण्याने. लाइनमधली हवा काढताना नळी बाहेर मोकळ्यावर न्या, भट्टीत कधीही सोडू नका. गॅस डिटेक्टर पीएनजीसाठी छताजवळ लावतात, कारण मिथेन हलका असतो. एलपीजी असेल तर जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर. स्फोटाच्या किमान मर्यादेच्या २० टक्क्यांवर भोंगा आणि मुख्य व्हॉल्व बंद, अशी जोडणी करा.

बसवताना नळीचं तोंड विटांच्या आतल्या कडेपेक्षा किती मागे-पुढे, हे बर्नरच्या पुस्तिकेतल्या आकृतीनुसार मोजूनच. फार आत गेलं तर जळतं, फार मागे राहिलं तर बर्नर-ब्लॉक (तोंडाभोवतीचा उष्णतारोधक ठोकळा) तडकतो. नळीभोवतीच्या फटीत सिरॅमिक फायबर ठासा, सिमेंट भरू नका. नळीला फुगायला जागा लागते. ज्योत समोरच्या भिंतीवर किंवा तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलवर आदळू नये. थर्मोकपलला ज्योत लागली की पडद्यावर १०५० दिसतं आणि चेंबर प्रत्यक्षात ९०० वर असतो. बर्नर बंद झाला तरी ब्लोअर चालूच ठेवायची सोय हवी, नाहीतर भट्टीची धग उलट येऊन डिफ्यूझर (ज्योत तोंडाशी धरून ठेवणारी चकती) वाकतो आणि इलेक्ट्रोडचं चिनीमातीचं आवरण तडकतं. वीज गेली तर ब्लोअर आणि आयडी फॅन जनरेटरवर लगेच आले पाहिजेत. तेही शक्य नसेल तर बर्नर बिजागरीवर बाहेर फिरवून तोंडाला झाकण लावा.

ट्यूनिंग रिकाम्या भट्टीत, पण आयडी फॅन आणि स्क्रबर चालवूनच करा. प्रायमरीत पाण्याच्या सव्वा ते अडीच मिलिमीटर इतका ऋण दाब ठेवून. फॅन बंद असताना बसवलेली हवा फॅन सुरू झाला की बदलते, आणि खेच फार झाली तर ज्योत तोंडापासून सुटते. मीटरवर घड्याळ लावून गॅस मोजा. तासाला ३० घनमीटर म्हणजे एका घनमीटरला दोन मिनिटं. मीटर १०० मिलिबारवर असेल तर आकड्याला १.१ ने गुणा. बर्नरच्या ज्योतीजवळ ऑक्सिजन ३ ते ५ टक्के मिळाला पाहिजे. ३ टक्के ऑक्सिजनला पीएनजीचा कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांच्या जवळ येतो. तो ६ दिसत असेल तर आधी दाराचं सील बघा, बर्नरचा स्क्रू फिरवू नका. कचरा आत घालण्याचं दार सेकंडरी १०५० ला पोहोचल्याशिवाय उघडूच नये, आणि दार उघडताच प्रायमरीचे गॅस व्हॉल्व बंद होऊन ब्लोअर चालू राहावा.

सारख्या लॉकआउटचं कारण शोधताना कोणत्या पायरीवर थांबतो ते बघा. ठिणगीच्या आधीच थांबत असेल तर हवेचा स्विच (ब्लोअरची हवा येते का ते बघणारा), गळती-तपासणी किंवा खोटी ज्योत. ठिणगी पडते पण ज्योत धरत नाही, तर लाइनमध्ये हवा, कमी दाब, किंवा इलेक्ट्रोडमधलं अंतर बिघडलेलं. ते साधारण ३ ते ४ मिलिमीटर असतं. पेटून दोन-तीन सेकंदांत विझत असेल तर ज्योतीचा सिग्नल. जनरेटरवर असतानाच हे होत असेल तर जनरेटरचं न्यूट्रल अर्थ केलेलं आहे का ते आधी तपासा. आयोनायझेशनचा प्रवाह अर्थमार्गे न्यूट्रलकडे परततो, न्यूट्रल तरंगता असेल तर ज्योत उत्तम असूनही कंट्रोलरला दिसत नाही. हे कारण फार वेळा सुटतं आणि चांगले रॉड विनाकारण बदलले जातात. आणि चालता चालता मध्येच, विशेषतः कचरा टाकल्यावर, विझत असेल तर प्लास्टिकची मोठी पिशवी एकदम भडकून चेंबरचा दाब धन होतो आणि हवेचा स्विच पडतो. उपाय म्हणजे कचरा लहान हप्त्यांत घालणं. हवेचा स्विच ब्लोअरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा हवा. नाहीतर आयडी फॅनच्या खेचीमुळे ब्लोअर बंद असतानाही तो ‘हवा आहे’ म्हणतो.

रीसेटचं बटण दोनदा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात दोन-तीन सेकंदांचा गॅस आत जातो. आणि कुठल्याही स्विचला वायरचा तुकडा लावून बायपास करायचं नाही, रात्रपाळीतही नाही.

देखभालीत, दर पाळीला ज्योतीचा रंग, गॅसचा दाब आणि सिग्नलचे मायक्रोॲम्पिअर वहीत लिहा. नवीन असताना १२ होते आणि आता ६ झाले, तर बंद पडायची वाट न बघता रॉड साफ करा. दर आठवड्याला बर्नर चालू असताना हाताचा व्हॉल्व हळूहळू बंद करा, कमी दाबाच्या स्विचने बर्नर पाडला पाहिजे. ज्योतीचा सिग्नल तोडला तर एका सेकंदात गॅस बंद झाला पाहिजे. ब्लोअरच्या तोंडाशी पुठ्ठा धरला तर हवेच्या स्विचने लॉकआउट दिला पाहिजे. दर तीन महिन्यांनी फिल्टर, डिफ्यूझर, इलेक्ट्रोड, ब्लोअरची पाती. वर्षाला दोन्ही व्हॉल्वची गळती, रेग्युलेटर आणि सगळ्या स्विचचे आकडे.

उघडण्याआधी बॉल व्हॉल्व बंद करून कुलूप, विजेला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. हा रुग्णालयाचा कचरा आहे, म्हणून जाड हातमोजे आणि मास्क. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस कामगारांना नियमानेच द्यावी लागते, बाहेरून आलेल्या मेकॅनिकलाही झाली आहे का ते विचारा. नळीभोवतीचं जुनं सिरॅमिक फायबर काढताना ते पाणी मारून ओलं करा आणि एन-९५ लावा. हजार अंशावर राहिलेल्या या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट तयार होतं, ते फुप्फुसाला घातक आहे.

पाइपलाइन यायला उशीर होतोय म्हणून तात्पुरतं एलपीजीवर चालवायचं ठरलं, तर नोझल-किट आणि दाब दोन्ही बदलावे लागतील. त्याच छिद्रातून त्याच दाबाला एलपीजी दीडपटीहून जास्त उष्णता सोडतो आणि काजळी धरते. ३०० किलोवॉटला तासाला सुमारे २३ किलो लागतात, आणि १९ किलोचं एक सिलिंडर आपसूक तासाला जेमतेम अर्धा ते एक किलो वायू देतं, म्हणून द्रव एलपीजी तापवून वायू करणारा व्हेपोरायझर लागेल. सिलिंडरवर बर्फ धरला म्हणून गरम पाणी ओतण्याचा उद्योग कोणालाही करू देऊ नका. १०० किलोहून जास्त एलपीजी साठवायला परवाना लागतो. आणि इंधन बदलायच्या आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं तुमचं संमतीपत्र काढून बघा. त्यात डिझेल लिहिलेलं असेल, तर दुरुस्तीचा अर्ज बर्नरच्या खरेदीआधी टाका.