रेषा उतरतेय, तरी तिचा 'चढ' कसा?

प्रश्न असा आलाय: "मुलीच्या पुस्तकात गणित आहे, '२क्ष + ३य = ६ या रेषेला समांतर असलेल्या रेषेचा चढ काढा'. आलेख काढला तर रेषा चक्क खाली उतरते. मग 'उतार काढा' का नाही म्हणत? आणि समांतर रेषांचे चढ 'समांतर' असतात म्हणायचं की 'समान'?"

दुसरं आधी उरकतो. समांतर असतात त्या रेषा. चढ ही संख्या (य किती बदलला भागिले क्ष किती बदलला), म्हणून चढ समान. 'दोघींचा चढ एकच' म्हटलंत तरी चालेल.

आता चढ. मोजमापाला नाव देताना आपण जोडीतला वरचढ शब्द उचलतो. बुटक्या माणसाचीही 'उंची'च विचारतो. पाळण्यातल्या बाळाबद्दलसुद्धा "केवढं मोठं झालं?" असंच विचारतो. चढाचं तेच. उतार सांगायचं काम वजाचं चिन्ह करतं. तुमच्याच गणितात य एकटा काढा: य = −(२/३)क्ष + २. चढ −२/३, म्हणजे उजवीकडे ३ घरं सरकलं की रेषा २ घरं खाली येते. इथे 'उतार −२/३' लिहिलं असतं, तर उणे उतार म्हणजे चढच की, असा घोळ झाला असता! (मूळ समीकरणात क्षच्या आधीचा २ बघून 'चढ २' लिहिणारी मुलं पुष्कळ. आधी य सुटा करायचा.) ४क्ष + ६य = ७ हिचाही चढ −२/३ येतो, म्हणून ती समांतर. ७ च्या जागी १२ असते तर मात्र ती पहिलीच रेषा, फक्त दुप्पट करून लिहिलेली.

भूगोलात मात्र 'उतार'च: मंद उतार, तीव्र उतार. गवंडी फरशीला 'ढाळ' देतो. मला वाटतं, दोघांचंही लक्ष पाण्याकडे असतं, आणि पाणी खालीच जाणार. आलेख आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, जणू त्या रेषेवरून चालतोय. चालणाऱ्याला आधी जाणवतो तो चढ. हिंदी पुस्तकांत याला 'ढाल' म्हणतात. मराठी माणसाला तिथे तलवार आठवते, त्याला इलाज नाही.

'चढ' शब्द अडतो तो एकाच ठिकाणी. 'या रेषेला चढ नाही' म्हणजे नेमकं काय? आडव्या रेषेचा चढ शून्य. सपाट रस्त्याला चढ नसतो, तसा. उभ्या रेषेवर क्ष बदलतच नाही, भागाकार शून्याने करावा लागतो, म्हणून तिचा चढ काढताच येत नाही. बोलताना दोन्हींना 'चढ नाही' म्हणतात आणि उत्तर चुकतं. आता दोन उभ्या रेषा घ्या: 'चढ समान' म्हणता येत नाही, तरी त्या समांतर आहेतच. तिथे मूळ शब्दाकडेच जावं लागतं. सम अधिक अंतर: कुठेही मोजा, मधलं अंतर तेवढंच.