‘एक घोडा व्हायला किती वेळ रे?’

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या रांगेत होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. पण आवाजावरूनच कळलं, घोडेवाल्यानं तुला चांगलंच सुनावलंय. ‘एका घोड्याला नाल ठोकायला सव्वादोन तास लावलेस, माझ्या दोन फेऱ्या बुडाल्या.’ त्याचंही खोटं नाही. शनिवारी सकाळी दस्तुरी नाक्यावर पर्यटकांच्या गाड्या लागायला लागल्या की माथेरानात उभा राहिलेला घोडा म्हणजे बुडालेली रोजी. त्याच्यावर डूख धरू नकोस. एक घोडा नाल ठोकून व्हायला किती वेळ लागावा, हे तू मला शेवटी विचारलंस; त्याचं उत्तर मात्र फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

आकडा आधी सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. हात बसलेला नालबंद, पाय देणारा शहाणा घोडा आणि भट्टीत न तापवता थंडच बसवायचे तयार नाल, असं सगळं जुळलं तर चारी पायांना एक ते सव्वा तास. एकट्यानं काम करायचं तुझं पहिलं वर्ष आहे, तुला दोन तास लागले तर मी काही म्हणणार नाही. अर्ध्या तासात चारी पाय उरकून हात झटकणारा कुणी भेटला, तर त्याला चहा जरूर पाज; पण तो घोडा चार दिवसांनी कसा चालतोय ते बघून ये.

आता हा तास जातो कुठं ते बघ. ठोकण्यात जात नाही. एका नालाला सहा खिळे, चार पायांचे चोवीस. सरावलेल्या हाताला एका पायाचे खिळे ठोकायला चार-पाच मिनिटं पुष्कळ होतात. बाकीचा सगळा वेळ बघण्यात, काढण्यात, तासण्यात आणि नाल जुळवण्यात जातो. आणि घाई करणारा माणूस नेमका तिथंच हात मारतो, कारण बघणाऱ्याला ते काम दिसतच नाही. हातोडीचा आवाज आला की मालकाला वाटतं, आता कुठं काम सुरू झालं.

पाय उचलायच्या आधी घोडा चालवून बघ. सपाट जागेवर, समोरून, मागून, बाजूनं. मालक म्हणेल, ‘अरे रोज चालतोच की!’ तू ऐकू नकोस. मग जुना नाल हातात घेऊन बघ. बाहेरची कड जास्त झिजलीय की आतली, टोक झिजलंय की टाच. घोडा महिनाभर कसा चाललाय ते त्या लोखंडावर लिहिलेलं असतं. यात पाच मिनिटं जातात आणि पुढची वीस वाचतात.

नाल उपटताना आधी खिळ्यांची वळवलेली टोकं उघड, मग टाचेकडून पक्कड घालून आत, मधोमध ओढ. तू टोकं न उघडताच खेचतोस, हे मी गेल्या खेपेला पाहिलंय. त्यानं खुराची भिंत, म्हणजे बाहेरचं कडक कवच, कडेनं फुटते, आणि मग नवीन खिळ्याला धरायला चांगली जागा शोधत तू दहा मिनिटं घालवतोस. तुझ्या सव्वादोन तासांतला बराच वेळ असा गेला असणार, अशी माझी अटकळ आहे.

तासताना हात आवर. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतं. तेवढंच तुला परत घ्यायचं असतं, जास्त नाही. तळव्यातला तो रबरासारखा त्रिकोण, ज्याला माझे पुण्याचे उस्ताद पुतळी म्हणायचे, तो गुळगुळीत दिसावा म्हणून कोरत बसू नकोस. लोंबणारं, कुजलेलं तेवढं काढ. नवशिक्याला सुरी हातात आली की सगळं चकचकीत करावंसं वाटतं. घोड्याला ते नको असतं, मालकाला दाखवायला बरं वाटतं एवढंच.

मग नाल जुळवणं. पुढचं खूर गोल, मागचं जरा निमुळतं; आणि पुढच्या दोन पायांवर घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन, पाठीवर माणूस बसला की आणखीच. म्हणून पुढच्या पायांना वेळ गेला तर जाऊ दे. नाल ऐरणीवर ठोकून खुराच्या मापाचा कर. नाल ठोकून झाल्यावर बाहेर आलेलं खूर कानशीनं घासून नालाच्या मापाचं करायचं, हा धंदा आपल्याकडे फार बोकाळलाय. दिसायला फट राहत नाही, पण भिंत पातळ होते आणि पुढच्या वेळी खिळा बसवायला जागाच उरत नाही. ऐरणीकडे तीनदा जावं लागलं तरी जा. फक्त ऐरण घोड्यापासून चार पावलांवर मांड. तू ती झाडाखाली सावलीत ठेवतोस आणि दर वेळी वीस पावलं चालतोस. जाऊन-येऊन चाळीस, चार पाय, प्रत्येकाला तीन खेपा. हिशेब तूच कर.

खिळ्याबद्दल तुला दहादा सांगितलंय, अकराव्यांदा सांगतो. खिळ्याच्या टोकाला एका बाजूनं जो उतार असतो तो आतल्या अंगाला, म्हणजे खिळा बाहेर वळतो. उलटा धरलास तर तो जिवंत भागात घुसेल. भिंत आणि तळवा यांच्यामधल्या पांढऱ्या रेघेच्या आत खिळा जाऊ द्यायचा नाही. खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या मागं, टाचेकडं, खिळा नको. वजन पडलं की टाच फाकते, तिला तेवढी मोकळीक हवी. आणि कान दे. चांगल्या भिंतीतून जाताना प्रत्येक घावाला आवाज घट्ट होत जातो. मऊ, पोकळ आवाज आला किंवा घोड्यानं पाय चोरला, तर थांब, खिळा काढ, टोकाला ओल आहे का बघ. टोक बाहेर आलं की लगेच मोडून टाक, नाहीतर घोड्यानं पाय हिसडला तर तुझी मांडी फाटेल. माझ्या उजव्या मांडीवरची खूण तू पाहिली आहेसच.

आता माझी गोष्ट सांगतो, जी मी कुणाला फारशी सांगत नाही. मे महिन्यातला रविवार होता. एका घोडेवाल्याचे चार घोडे सकाळी नऊच्या आत हवे होते. मी तेव्हा तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेन, आणि माझा हात जलद आहे असा सगळीकडे बोलबाला होता. तोच मला नडला. तिसऱ्या घोड्याच्या पुढच्या डाव्या पायात चौथा खिळा जाताना त्यानं पाय चोरला. मला ते कळलं. पण मालक घड्याळ बघत उभा होता, मी घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि पुढचा खिळा घेतला. तिसऱ्या दिवशी घोडा तो पाय टेकवेना. खूर गरम, आत पू. नाल काढला, डॉक्टरांनी पू वाट करून काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात लवकर धरतो, हे पक्कं लक्षात ठेव. खिळा लागला असं नुसतं वाटलं तरी लपवायचं नाही. खिळा काढ, आयोडिन घाल, मालकाला तोंडावर सांग आणि डॉक्टर बोलाव. तो घोडा सतरा दिवस तबेल्यात उभा राहिला, ऐन मे महिन्यात. मालकानं मला एक शब्द विचारला नाही. पुढच्या महिन्यात त्यानं दुसरा नालबंद बोलावला.

याच्या उलट माझ्या वडिलांचं काम. ते आठवडी बाजारात बैलांना पत्र्या, म्हणजे बैलाचे नाल, मारायचे. बैल घोड्यासारखा पाय देत उभा राहत नाही. त्याला दोरानं पाडून, चारी पाय बांधून काम करावं लागतं. खूर दुभंगलेलं, म्हणून पायाला दोन, अशा आठ पत्र्या. तिथं खरंच घाई लागते, कारण आडवा बांधलेला बैल फार वेळ ठेवला तर त्याचं पोट फुगतं, धाप लागते. वडील बोलत नसत, चहा घेत नसत, बैल उठेपर्यंत मान वर करत नसत. मी ती घाई बघत वाढलो आणि तीच घेऊन घोड्यांकडे आलो. पुण्याच्या रेसकोर्सवर उस्तादांनी ती माझ्या अंगातून काढली. पातळ भिंतीची ती रेसची घोडी, अॅल्युमिनियमचे हलके नाल, खिळा केसभर चुकला तरी लाखोंचा घोडा लंगडा. उस्ताद माझ्या हातून पक्कड काढून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘जा, मोतद्दाराशी दोन गोष्टी करून ये.’ घोड्याची रोजची निगा राखणारा तो, घोड्याचं सगळं मोतद्दारालाच माहीत असतं. त्या दोन गोष्टींतही वेळ वाचायचा.

पण म्हणून सव्वादोन तास बरोबर, असंही मी म्हणत नाही. तू एक पाय मांडीत घेऊन वीस-वीस मिनिटं वाकून बसतोस. घोडा तेवढा वेळ तीन पायांवर असतो. तरुण घोडा सोसतो. म्हाताऱ्या घोड्याचे सांधे दुखतात, मग तो तुझ्यावर रेलतो, तू ओरडतोस आणि दोघांचंही बिनसतं. पाच मिनिटांनी पाय खाली ठेव, त्याला श्वास घेऊ दे, तूही पाठ सरळ कर. वेळ वाढल्यासारखा वाटेल, वाढणार नाही. आणि पहिल्यांदाच नाल बसणारं शिंगरू असेल तर घड्याळ बघूच नकोस. एक दिवस नुसते पाय उचलून ठेवायला जाऊ दे. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन. मागचे झाले तर झाले.

मालकांना एक गोष्ट मात्र तू सांगायला शीक, कारण मला ती उशिरा जमली. चार ते सहा आठवड्यांनी घोडा आणला तर काम तासाचं. दहा आठवड्यांनी, टोक लांबलेलं, नाल पुढं सरकलेला, टाच त्याच्याखाली दबलेली, असा घोडा आणून ‘पटकन कर’ म्हणायचं, हे बरं नाही. ‘नाल अजून झिजला नाही’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नाल झिजत नसेल, पण खूर वाढतंच. वर माथेरानात आता रस्त्याला ब्लॉक बसवल्यापासून घोडे घसरतात ही त्यांची तक्रार आहेच. लांबलेल्या खुरावर घोडा आणखी घसरतो, हे त्यांना त्याच वेळी सांग, म्हणजे ऐकतील. आणि पैसे घोड्यामागं घे, तासावर कधीच नको. तासावर घेतलेस तर तू सावकाश केलंस तरी संशय आणि भरभर केलंस तरी संशय.

इंग्लंडात म्हणे १९७५ चा कायदाच आहे, नोंदणी नसलेल्या माणसानं घोड्याला नाल ठोकायचा नाही. आधी चार वर्षं उमेदवारी करायची. आपल्याकडे हातोडी विकत घेतली की झाला नालबंद. तुला माझ्याकडे दीडच वर्ष झालं आणि मी तुला वर एकट्याला सोडलं, ही घाई माझी. तेव्हा त्या सव्वादोन तासांतला थोडा दोष माझ्याही खात्यावर लिही.

त्या घोडेवाल्याकडे पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळी जा. शनिवारी सकाळी जाऊच नकोस. निम्मं भांडण तिथंच मिटेल.

येत्या सोमवारी नेरळला उतरणार आहेस ना? या महिन्यात काढलेले सगळे जुने नाल पोत्यात भरून घेऊन ये. कुठला घोडा, कुठला पाय, ते खडूनं लिहून आण. खडू पुसला जातो, तेव्हा प्रत्येक घोड्याचे चार तारेत ओवून आण. ओट्यावर मांडून एकेक बघू. आणि तुझी कानस बोथट झालीय, ती वरच टाकून ये. माझ्याकडे नवीन आणून ठेवलीय.

तुझा,
काका